अण्णांसाठी चायनीज भाजी

नीलाने ज्ञानदेवशी रजिस्टर लग्न केलं, त्याला तीन वर्षं होऊन गेली होती. तो बौद्ध, ती खेडकडच्या मराठ्यांची. एवढ्या काळात तिच्या माहेरचं कुणी पिंपरीच्या त्या दोन खोल्यांकडे फिरकलं नव्हतं. आणि अचानक निरोप आला, येत्या गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी, तिचे वडील, अण्णा, येतायत.

सासूबाई, तानुबाई, आदल्या संध्याकाळी म्हणाल्या, "मी उद्या शेजारी छबूबाईकडं बसते. जेवणं उरकली की हाक मार."

"का पण?"

"त्यांना माज्या हातचं चालंल का? माणूस उपाशी जायचा."

"सैपाक मी करते. तुम्ही कुठं जायचं नाही, आत्या."

पण करायचं काय? रोजची भाजी तानुबाईंच्या मसाल्यातली. माहेरच्या चवीची करावी, तर तानुबाईंच्या मनाला लागायचं. नीला औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होती. पुण्याच्या कॅम्पातून येणाऱ्या मैत्रिणीने तिला चायनीज भाजी शिकवली होती, सोया सॉसची बाटलीही आणून दिली होती. तीच करायची, तिने ठरवलं. तिच्यावरून कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं.

सकाळी ज्ञानदेव मंडईतून कोबी, गाजर, फरसबी, सिमला मिरची घेऊन आला. नीलाने सगळं लांब, बारीक चिरलं. तानुबाई उंबऱ्याशी बसून लसूण सोलत होत्या.

अण्णा, म्हणजे उद्धवराव, आले ते कॉटच्या कडेला अवघडून टेकले. ज्ञानदेवने पाणी दिलं, ते प्यायले. मग पाऊसपाणी, बाजरी, शिफ्ट असं तुटक बोलणं सुरू झालं.

आत नीलाने स्टोव्हला पंप मारला. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवली, तेलात आलं-लसूण टाकलं, मग गाजर आणि फरसबी, शेवटी सिमला मिरची आणि कोबी. मोठ्या आचेवर तिचा हात थांबत नव्हता.

"अगं, कच्ची राहील! झाकण घाल, वाफ येऊ दे," तानुबाई कळवळून म्हणाल्या.

"वाफ नाही द्यायची, आत्या. करकरीतच चांगली लागते."

सोया सॉस, मिरपूड, मीठ, वर पाण्यात कालवलेलं थोडं कॉर्नफ्लोअर. भाजीवर चकाकी आली तशी तिने स्टोव्ह बंद केला आणि भातावर वाढून ताट बाहेर नेलं.

उद्धवरावांनी ताटात निरखून पाहिलं. "कसली गं ही?"

"चायनीज."

"चीनची?" त्यांनी एक घास घेतला, कुरूमकुरूम चावला. "बरी लागती की." दुसरा घास घेता घेता ते थांबले. "रोज हेच खाता व्हय? भाकरी न्हाई करत?"

"करतो ना. पण मला वाटलं…"

"तुला काय वाटलं ते कळलं मला." नीलाची मान खाली गेली. उद्धवरावांनी आतल्या दाराकडे बघून आवाज दिला, "विहीणबाई, एक भाकरी टाका. भातानं माझं काय भागत न्हाई."

तानुबाई लगबगीने उठल्या. पीठ मळलं, तवा ठेवला. पहिली भाकरी उलटताना मोडली, तशा त्या "अगं बाई, मोडली!" म्हणाल्या. त्या दुसरी थापायला लागल्या.

"मोडली म्हणून काय झालं, आणा इकडं," बाहेरून उद्धवरावांचा आवाज आला.

त्या भाकरीशी उद्धवरावांनी ताटातली सगळी भाजी संपवली, वर ठेचाही मागून घेतला. नीला पाणी आणायच्या निमित्ताने आत आली आणि माठापाशी डोळे पुसत उभी राहिली. तानुबाईंनी पिठाच्याच हाताने तिच्या पाठीवर थोपटलं.

जेवणानंतर उद्धवराव कॉटवर आडवे झाले आणि चांगले घोरायला लागले. चारच्या एसटीने जायचं होतं, ती चुकली. चहा घेऊन निघताना म्हणाले, "थोडी भाजी बांध. तुझ्या आईला दावतो."

"खेडला पोचेपर्यंत मऊ पडेल, अण्णा."

"पडू दे."

तानुबाईंनी डबा भरला, वर फडक्यात दोन भाकरी बांधल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्यासमोर येऊन बोलल्या, "डबा माजा हाय. परत द्यायला इहीणबाईंना धाडा."

उद्धवराव हसले. पुढच्याच गुरुवारी नीलाची आई डबा घेऊन दारात उभी होती.