ठकूबाईंचे ठिगळ

मी एक जुनी सतरंजी आहे, मित्रांनो. महाडच्या बागेत राहते. एके काळी माझे निळे-तांबडे पट्टे लांबून ओळखू यायचे. लग्ने, बारशी, सभा, सगळ्यांचे बसणे मी सोसले. दोन हजार एकवीसच्या पुराचा चिखलही पोटभर प्याले. मग अडगळीत पडले आणि उंदरांनी मला मधोमध कुरतडले.

गेल्या मे महिन्यात बागेत संध्याकाळचे मोफत कार्यक्रम सुरू झाले आणि माझे नशीब उघडले. एकीकडे पोरे भिंतीवर सावित्री नदी रंगवत, दुसरीकडे जाखडीचा नाच रंगे. माझ्यावर पुन्हा माणसे बसू लागली. पण माळी महिपतच्या डोळ्यांत माझे भोक खुपत होते.

"उद्या शेवटचा कार्यक्रम. मग हिचे तुकडे करतो, फरशी पुसायला होतील," तो म्हणाला. माझा तर धागा न् धागा हादरला.

त्याच दिवशी नाचणाऱ्या श्रुतिकाने कुंपणाबाहेर एक आजी पाहिल्या. पोलादपूरकडच्या वाडीतून लेकीकडे आलेल्या ठकूबाई. रोज गज धरून, उभ्यानेच नाच बघायच्या.

"आजी, आत या ना. तिकीट नाही."

"म्हनून तर येत नाय गो. फुकट कशी बसू? रिकाम्या हातानं कुनाच्या दारात गेले नाय मी."

"मग या काहीतरी घेऊन," श्रुतिका हसली.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई भर दुपारीच फाटकातून आत आल्या. हातात सुई, गोधडीचा दोरा आणि जुन्या हिरव्या लुगड्याचा तुकडा. बाईंनी बाहेरूनच माझे भोक हेरले होते! उन्हे उतरेपर्यंत त्या टाके घालत बसल्या. टोचत होते, पण इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता.

"आता कापशील रे हिला?" त्यांनी महिपतला विचारले.

"नाय आजी," तो ओशाळून म्हणाला.

संध्याकाळी त्या थेट ठिगळावर जाऊन बसल्या. "सरा जरा, ही माजी जागा हाय." आणि शेवटपर्यंत टाळ्या वाजवत राहिल्या.

मित्रांनो, त्या टाक्यांमुळे मी यंदाही तुमच्यासाठी अंथरलेली आहे. खुशाल या, मनसोक्त बघा. फक्त उठताना मला झटका, नीट घडी घाला. आणि हिरव्या ठिगळावर तेवढे बसू नका. लेकीकडे निरोप आला आहे, ठकूबाई वाडीहून इकडे यायला निघाल्या आहेत.