परसातला सांबार

गुणवंतरावांनी बारा एकरांत पस्तीस वर्षं कपाशी पिकवली, मधूनमधून सोयाबीनही काढलं, पण भाजीचं एक रोप कधी हातानं लावलं नाही. भाजी लावणं हे त्यांच्या मते बायकांचं रिकामपणचं काम. रुखमाबाई घरामागे वाफे करायच्या, पाणी द्यायच्या, खुरपायच्या, आणि हे गृहस्थ जेवताना ताटातला सांबार बोटानं बाजूला सारून म्हणायचे, "कचरा कायले टाकते वो?" सांबार म्हणजे पुण्या-मुंबईची कोथिंबीर. आमच्याकडे तिला सांबारच म्हणतात आणि वरणावर तो पडला नाही तर बाई जेवत नाही.

आता रुखमाबाई वरणभातालाही तोंड उघडत नव्हत्या.

भाद्रपदात त्यांना लकवा झाला. डावी बाजू गेली, जीभ जड झाली. बारा एकर जमीन कोळशाच्या खाणीत गेली तेव्हा बदल्यात मुलाला, प्रफुलला, नोकरी लागली होती आणि माजरीजवळच्या नव्या वस्तीत हे घर मिळालं होतं. प्रफुल खाणीत डंपर चालवायचा. आठवड्याला पाळी बदलायची, घरी आला की बूट काढता काढता झोपायचा. त्याचं लग्न जमत नव्हतं. म्हणजे रुखमाबाईंना कूस बदलून देणं, पुसणं, लुगडं बदलणं, चादरी धुणं, दोन वेळचं रांधणं, हे सगळं एकट्या गुणवंतरावांवर आलं. चौसष्टाव्या वर्षी माणूस हे शिकतो तेव्हा कसं शिकतो ते विचारू नका. पहिला महिना त्यांचा भात एक तर गिच्च व्हायचा, नाही तर कच्चा. पाठीचा कणा संध्याकाळपर्यंत दगडाचा झालेला असायचा आणि पहाटे उठताना वाटायचं, आजचा दिवस कोणीतरी दुसऱ्यानं करावा.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं होतं. गिळायला काही अडचण नाही, बाई खात नाहीत म्हणून खंगताहेत. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. घरी आल्यावर रुखमाबाई एवढंच बोलल्या होत्या, "नळी नोको." त्या नळीची धास्ती गुणवंतरावांनी त्यांच्यापेक्षा जास्त घेतली.

त्या दिवशी चार चमचे पेज पाजून झाल्यावर ते वैतागून म्हणाले, "मंग काय पाह्यजे तुले, सांगून तं दे!"

रुखमाबाईंनी बराच वेळ घेतला. "सांबार."

प्रफुलनं भद्रावतीच्या बाजारातून जुडी आणली. चिरून वरणावर टाकली. रुखमाबाईंनी एक घास तोंडात घोळवला आणि उजव्या बाजूनं बाहेर ढकलला. "बाजारचा," त्या म्हणाल्या, "वासच नाई याले."

तेव्हा गुणवंतरावांनी कुदळ घेतली. घरामागे चटईएवढी जागा होती, मुरमाड. ती खणली, शेणखत आणून मिसळलं, आणि डब्यातले धने घेऊन बसले. एकेक धना, हातभर अंतरावर, बोटभर खोल. शेजारच्या गुलाबबाई कुंपणाशी उभ्या राहून पाहत होत्या. त्यांच्या चार शेळ्या होत्या, म्हणून त्यांच्या परसात हिरवं काही टिकत नव्हतं, पण माहिती सगळी होती.

"भाऊ, हे काय करून राह्यले?"

"सांबार टोबून राह्यलो."

"सांबार का पऱ्हाटी हाये, हातभर अंतर सोडाले?" कपाशीसारखा टोबलेला सांबार पाहून गुलाबबाईंना हसू आवरेना. "बाईले विचारा नं जरा. थे सांगन."

बाईला विचारायचं? घरामागच्या खिडकीला लागूनच तर रुखमाबाईंची खाट होती. डोळे उघडे ठेवून त्या सगळं ऐकत होत्या. पण ज्या कामाला आपण पस्तीस वर्षं काम म्हटलं नाही ते बायकोला विचारायचं म्हणजे मान खाली घालणं होतं, आणि गुणवंतरावांची मान तेवढी वाकत नव्हती. वीस दिवस ते पाणी घालत राहिले. वीस दिवसांत तीन रोपं उगवली.

शेवटी एका दुपारी चादर बदलताना त्यांनी तोंड दुसरीकडे करून विचारलं, "धने काऊन निंगत नाई?"

"रगडले का?"

"रगडाचे कायले?"

रुखमाबाईंचे डोळे हसले. तोंड हसू शकत नव्हतं. मग तुटक तुटक त्यांनी सांगितलं. धन्यात दोन बिया असतात. चपलेखाली हलकेच रगडायचे, दोन फाका करायच्या, रातभर भिजवायचे आणि दाट फेकायचे. गुणवंतरावांनी मुकाट्यानं चप्पल घेतली.

या खेपेला उगवला. काय उगवला! वाफा हिरवा झाला. वस्तीवर खाणीची काळी भुकटी येते, रोज सकाळी पानं मळकी दिसतात. गुणवंतराव अर्धी बादली पाणी घेऊन झारीनं ती धुवायचे. खिडकीतून वास आत जायला लागला तसा रुखमाबाई मान वळवून पडू लागल्या. पेज अजून चार चमचेच होती, पण रोज विचारायच्या, "केवढा झाला?" आणि हे बोटांनी माप दाखवायचे. डॉक्टरांकडे सोमवारी जायचं होतं. वजन आणखी उतरलं तर नळी. म्हणून त्यांनी मनाशी ठरवलं, शनिवारी तोडायचा.

शुक्रवारची रात्र वाईट गेली. रुखमाबाईंची चादर तीनदा बदलावी लागली. प्रफुल पाळीवर होता. पहाटे गुणवंतराव परसात आले तेव्हा डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. वाफ्यात वाकले आणि पाहिलं तर कोवळ्या शेंड्यांवर मावा. हिरवे, बारीक, चिकट किडे.

माणूस दमला की डोकं झोपतं आणि हात आपलं जुनं काम करत राहतात. पस्तीस वर्षं मावा दिसला की या हातांनी एकच केलं होतं. मोरीच्या माळ्यावर फवारणीचा पंप होता, त्यामागे अर्धी बाटली औषध होतं. शेत गेलं तरी ते दोन्ही त्यांनी टाकलं नव्हतं. पाणी भरलं, झाकणानं औषध मोजलं, पंप पाठीवर घेतला, नळी फिरवली. वाऱ्याकडे पाठ करून, नाकाला दुपट्टा बांधून, सगळं अगदी शिस्तीत. पानाच्या वरून, पानाच्या खालून. चटईएवढा वाफा, पाच मिनिटांत चिंब. किती दिवसांनी आपल्याला येतं असं काहीतरी केलं म्हणून जीवाला जरा बरंही वाटलं.

पंप धुऊन ठेवताना गुलाबबाईंच्या एका शेळीनं कुंपणातून मान घातली. गुणवंतराव ओरडले, "हाड! हाड! ओ गुलाबबाई, शेळी घ्या! औषध मारलं हाये!"

शेतावर फवारणीनंतर गुराख्यांना अशीच हाळी द्यायची असते. हाळी दिली आणि स्वतःच्या कानांनी ती ऐकली. हातातली नळी तशीच राहिली. कापूस कोणी खात नाही, सोयाबीन सगळं बाजारात जायचं. पस्तीस वर्षांत फवारलेल्या पिकाचा घास करून कोणाच्या तोंडात घालायची वेळच आली नव्हती.

ते तिथेच मातीत बसले. गुलाबबाईंनी शेळी ओढत नेताना वाफ्याकडे, मग यांच्याकडे पाहिलं. एकदा मनात आलं, प्रफुलला भद्रावतीला पाठवावं आणि तीच जुडी परसातली म्हणून द्यावी. पण त्या बाईचं नाक फसणार नव्हतं. आणि फसलं असतं तरी यांच्यानं ते झालं नसतं. रडू आलं तर त्यांनी ते येऊ दिलं. बायको आजारी पडल्यापासून पहिल्यांदा.

हातपाय साबणानं धुऊन आत गेले तर रुखमाबाई खिडकीकडे तोंड करून जाग्या होत्या. हाळी त्यांनीही ऐकली होती.

"कोंतं औषध?"

"कपाशीचं." गुणवंतराव खाटेच्या कडेवर बसले. "ध्यानच नाई राह्यलं वो. मावा दिसला अन् मारून देल्लं. आज तोडाचा होता. तुह्या तोंडचा घास मीनं... मी थकलो, रुखमे. मले काईच जमत नाई. मी लय थकलो."

लग्नापासून त्यांनी बायकोला नावानं हाक मारली नव्हती. 'अवो' आणि 'प्रफुलची माय' यातच सगळा संसार झाला होता. रुखमाबाईंनी त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. रागावतील, भिंतीकडे तोंड करतील, असं वाटून गुणवंतरावांनी मान खाली घातली.

"उपटा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"समदा. शेळ्या खातीन. खोल पुरा."

"पुरतो."

"धने हायेत?"

"हायेत. मूठभर."

"दुसऱ्या बाजूनं फेका. त्या मातीत नोको." एवढं बोलून त्यांना धाप लागली. मग विचारलं, "किती दिवस लागते, मालूम हाये?"

गुणवंतरावांनी मान हलवली. नव्हतं माहीत. वाफ्यासमोर रोज बसूनही त्यांनी कधी मोजलं नव्हतं.

"चाळीस," रुखमाबाई म्हणाल्या. "चांगला तोडासारखा व्हाले चाळीस दिवस."

चाळीस. गुणवंतरावांच्या डोळ्यांसमोर सोमवार आला, वजनकाटा आला, ती पिवळट नळी आली. रुखमाबाईंनी उजवा हात उचलून चुलीकडे बोट केलं. तिथे रात्रीचं वरण होतं, पातळ, वर काहीही न टाकलेलं, आणि खाली लागलेला भात.

"आना."

"थो लागला हाये. नवा टाकतो नं."

"आना म्हनते नं. चाळीस दिवस काढाचे हायेत."

त्यांनी भात वरणात कालवला, बोटांनी चुरला, पाठीमागे उशी लावून त्यांना बसतं केलं. पहिला घास रुखमाबाईंनी कडू औषध घ्यावं तसे डोळे मिटून घेतला. चावला. गिळला. पुन्हा तोंड उघडलं. दुसरा. तिसऱ्याला ठसका लागला, गुणवंतरावांनी पाठ चोळली, पाणी पाजलं, आणि ताट बाजूला ठेवायला निघाले तर त्यांनी मनगट धरलं. सात घास झाले. आठव्याला त्यांनी मान हलवली, दमून उशीला टेकल्या आणि म्हणाल्या, "तुमी बी जेवून घ्या. मंग उपटा."

उरलेला भात गुणवंतरावांनी त्याच ताटात खाल्ला. करपट लागत होता.