धुराड्यावरची काच

माझ्या पोटावर काचेची एक पट्टी चिकटवलेली आहे. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तशी, बोटभर लांब. तिच्या मागे केसाएवढी बारीक भेग आहे. भेग रुंदावली तर काच तडकते. इतके साधे हे यंत्र.

मित्रांनो, मी जपानातल्या कोबे शहराच्या टेकडीवरल्या एका विलायती घराचे जुने धुराडे आहे. घरच्या आठवणीने झुरणाऱ्या एका इंग्रज व्यापाऱ्याने आपल्या गावच्या जमीनदाराच्या हवेलीसारखे हे घर बांधवले. उभ्या उताराची छपरे, ओकचा जिना, आणि सगळ्यांच्या वर मी, लाल विटांचे, पिळदार. बंदरातून हे घर माझ्यावरूनच ओळखू येई.

पुढे कापडाचे व्यापारी गुणवंतराव इथे राहायला आले. १९९५च्या भूकंपात मी छप्पर फोडून खालच्या खोलीत कोसळले. खोली रिकामी होती, म्हणून निभावले. गुणवंतरावांनी माझी एकेक वीट स्वतः धुतली आणि मला पुन्हा उभे करवले. इतकी माया मला कुणी लावली नव्हती.

२०११ साली दूर ईशान्येला धरणी हादरली. मग इथेही लोकांनी आपापली घरे तपासून घेतली. गुणवंतरावांची सून नेत्रा पदार्थविज्ञान शिकवते. तिनेच माळ्यावर येऊन अशी पट्टी लावली.

"बाबा, काच तडकली तर धुराडं उतरवायचं. खाली माझी जुई झोपते."

"तडकू दे, मग बघू."

दोन वर्षांनी पहाटेच्या एका धक्क्याने काच तडकली. गुणवंतराव गुडघे धरत वर आले. तुकडे खिशात टाकून त्यांनी नवी पट्टी चिकटवली. मला वाचा असती, तर मी ओरडले असते.

रविवारी नेत्रा काच पाहायला आली. मागोमाग नात जुई, आणि धापा टाकत आजोबा.

"आई, हा तर माझा ससा!" पट्टीच्या कोपऱ्यावर इवलेसे स्टिकर होते. "ही काच माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या डब्यातली आहे. आजोबा, तुम्ही घेतलीत? दामे, दामे!" 'असं नाही करायचं' असे जपानीत दटावत तिने बोट नाचवले.

"चष्मा नव्हता गं," आजोबा पुटपुटले.

नेत्रा वाकून काचेमागची भेग पाहू लागली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर माया जरूर करा. पण आमच्या खाली कोण झोपते, तेही पाहा. माझ्या उंचीपेक्षा ती खोली मोलाची आहे.

गुणवंतराव माझ्या विटांवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "नेत्रा, गवंड्याला बोलाव. धुराडं उतरवू या. विटा मात्र मीच धुणार."