बिडाचं अस्वल

साहेब, तुम्ही आमच्या अस्वलाला भंगार ठरवलंत. गावाच्या सभागृहाच्या तपासणीला आलात, झाकण उचलून तांबडं पाणी बघितलंत आणि हातमोजे न काढता कागदावर खरडलंत: 'गंजलेलं भंगार आहे, शनिवारच्या आत काढून टाका.' ते तिथं कशाला ठेवलंय, हे एका शब्दानं विचारलं नाहीत.

व्हरमाँटच्या हिवाळ्यात लाकडाची शेगडी पेटली की हवा कोरडीठाक होते. म्हणून शेगडीवर हे अस्वलाच्या आकाराचं बिडाचं भांडं. पोटात पाणी, नाकपुड्यांतून वाफ. ती नसली तर नाचाला वाजवणाऱ्या आमच्या अमासाच्या जुन्या फिडलचे, म्हणजे व्हायोलिनचे, सांधे उकलतात. आणि शनिवारी तर नाच होता!

अमासाची थोरली बहीण लोविना अठ्ठावीस वर्षं अस्वल सांभाळत होती. यंदा चूक कुठं झाली, ते तिला पक्कं ठाऊक होतं. दरवर्षी मार्चच्या गावसभेला हिवाळ्याचा शेवटचा जाळ. मग पाणी उपसायचं, निखाऱ्यांवर भांडं सुकवायचं, आत चरबी चोळायची. पण यंदा सभेतच कुणीतरी ओरडलं, "मेपलला रस सुटला!" अख्खा गाव पाकासाठी झाडांचा रस गोळा करायला बादल्या घेऊन पळाला. तीही पळाली. भांड्यात पाणी राहिलं ते राहिलंच.

"ताई, सोड नाद. यात कोंबड्यांना पाणी ठेवू," अमासा म्हणाला.

"आणि तुझं फिडल चुलीत घालू?"

तो तारेचा ब्रश घेऊन बसला. सफरचंदाच्या व्हिनेगरनं पाण्याच्या क्षारांची खपली सुटली, घासून घासून गंज गेला. कोमट भांड्याला लोविनानं चरबी चोळली. काळंभोर अस्वल लख्ख हसलं.

शनिवारी शेगडी रसरसली. भांडं कोरडं बघून अमासा गार पाण्याची बादली घेऊन धावला.

"थांब, मुडद्या! तापलेल्या बिडात गार पाणी? ताडकन तडकेल! किटलीतलं ओत."

गरम पाणी पडलं. वाफ आली, पण एकाच नाकपुडीतून.

"सर्दी झाली गं त्याला!" अमासा म्हणाला.

लोविनानं बंद नाकपुडीत विणायची सुई खुपसली. फुस्स! क्षाराचा खडा उडून अमासाच्या टोपीवर बसला. सभागृह खदाखदा हसलं. आणि फिडल असं वाजलं, असं वाजलं, की काठ्या टेकत आलेल्यांनी काठ्या भिंतीला लावल्या आणि नाचायला उतरले.

साहेब, तुम्हीसुद्धा चार फेऱ्या नाचलात, कोट काढून, घामाघूम. आता लोविना तुमचा तो कागद घेऊन दारात उभी आहे. पेनही तिनंच आणलंय. बोला, 'भंगार' खोडताय की नाही?