बोलेल त्याच्या गळ्यात

मी एक खुर्ची बोलतेय. लाकडाची नाही, वेताची नाही. साधी पांढरी, प्लॅस्टिकची, लग्नकार्यात एकावर एक चढवून ठेवतात तसली. माझ्यासारखीला कसलं आलंय आत्मवृत्त, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्यावर सोळा वर्षं बसलेला माणूस इतका बोलायचा, की ती सवय मलाही लागली.

माझा जन्म पुएब्लाजवळच्या एका कारखान्यात झाला. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. साचा उघडला आणि मी बाहेर पडले. तिथून ट्रकने वाहाकाच्या डोंगरांत, त्लाकोलुलाच्या रविवारच्या बाजारात आले. तिथे लाचीबेल गावची एलोदिया मला घ्यायला आली. ती पाव भाजून विकायची आणि तिचे दंड भट्टीच्या चटक्यांनी भरलेले होते. ती एकेका खुर्चीवर बसून, मागे-पुढे झुलून बघत होती.

विकणारा वैतागला. "बाई, खुर्ची घेताय की घोडा?"

"नवरा घेताना पारख केली नाही," एलोदिया म्हणाली. "आता तरी करू दे."

तो नवरा तिच्या मागेच कोबीचे दोन गड्डे घेऊन उभा होता आणि सगळ्यात मोठ्याने तोच हसला. त्याचं नाव लायल. सरहद्दीपलीकडे उत्तरेत, ओहायोत इतिहासाचा मास्तर होता. एका उन्हाळ्यात स्पॅनिश शिकायला म्हणून आला आणि इथलाच झाला. निदान त्याला तसं वाटायचं.

घरी आल्यावर एलोदियाने मला उलटं केलं आणि बुडाला लाल नेलपॉलिशने स्वतःचं नाव लिहिलं. आमच्या गावात खुर्च्या जत्रेला, बारशाला, मयताला सगळीकडे फिरतात, म्हणून नाव लागतं. "माझं का नाही लिहीत?" लायलने विचारलं. "तुझं नाव कोण ओळखतंय?" ती म्हणाली. "खुर्ची परत यायला हवी ना?"

मग माझं ठिकाण ठरलं. घराचं दार, समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे शाळा. संध्याकाळी पाचला लायल कॉफीचा पेला घेऊन माझ्यावर बसायचा आणि त्याचं सुरू व्हायचं. ओहायोत कोण निवडून यायला नको होतं. इथल्या भिंतींवर दर तीन वर्षांनी पक्षांचे रंग चढतात आणि खालचा चुना तसाच पडत राहतो. शिक्षक मे महिन्यात संपावर जातात, पोरं आनंदाने नाचतात. पोरांना नद्यांची नावं घडाघडा येतात, पण 'का?' असं एकजण विचारत नाही. आणि या गावात वाटेवर भेटेल त्याला नमस्कार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्यामुळे पाच मिनिटांच्या वाटेला अर्धा तास लागतो. हे शेवटचं तो तक्रारीच्या सुरात सांगायचा, पण त्याला ते फार आवडायचं.

एलोदिया कणीक मळता मळता ऐकायची. "मग जा की सभेत. सांग सगळ्यांना."

"मी परदेशी. इथल्या राजकारणात तोंड घातलं तर हाकलून देतील. तसा कायदाच आहे."

मला हे कारण सोयीचं वाटायचं. बोलायला सगळं जग आणि करायला काहीच नाही. पण मी खुर्ची. माझं मत कोण विचारतो?

आमच्या गावात सगळी कामं सभेत ठरतात. रस्ता, पाणी, शाळा, चर्च, सगळ्यांच्या समित्या गावकऱ्यांच्याच. पाळी आली की वर्षभर राबायचं, पगार नाही. त्याला गावकाम म्हणतात. लायलच्या घरातलं गावकाम एलोदियाच करायची. खोरं घेऊन जायची, संध्याकाळी चिखलाने भरून यायची. ज्याने गावकाम केलं नाही त्याला गावच्या दफनभूमीत जागा नाही, हाही नियमच. एकदा उत्तरेत वीस वर्षं काढलेल्या एका माणसाचं प्रेत गावात आलं, तर सभा दोन दिवस बसली. त्याच्या पोरांनी गटार खणून दिलं तेव्हा कुठे माती मिळाली. हे ऐकून लायलने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"आणि माझं काय?" त्याने एलोदियाला विचारलं.

"तू आधी मर तरी," ती म्हणाली. "मग बघू."

पण आधी तीच गेली. छातीत कळ आली आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. मयताला गावभरच्या खुर्च्या आल्या होत्या, त्यांत मीही होते. त्यानंतर पाच महिने मी अंगणात उन्हात पडून होते, कोंबड्या माझ्यावर बसायच्या. लायल घरातच असायचा. ओहायोहून बहिणीचा फोन यायचा, की परत ये, आईबाबांच्या शेजारी तुझी जागा ठेवली आहे. तो "कळवतो" म्हणायचा. त्याला एलोदियाच्या शेजारी जागा हवी होती. ती मागायची कुणाकडे आणि कुठल्या तोंडाने, हे त्याला कळत नव्हतं.

एके दिवशी गावच्या भोंग्यावरून पुकारा झाला, "रविवारी सभा आहे. एलोदियाच्या घरातून कोणी येत नाही, याची नोंद घेतली आहे." लायलने मला धुतलं, डोक्यावर उलटं घेतलं आणि निघाला. सभेला खुर्ची ज्याची त्याने आणायची असते.

तो मागे बसणार होता, नुसता ऐकणार होता. पण विषय शाळेचा निघाला. मुख्याध्यापिका नेरेइदाबाई म्हणाल्या की पाण्याच्या टाकीला कुलूप असतं, किल्ली समितीवरच्या माणसाच्या खिशात आणि तो शेतात, म्हणून संडास बंद. सभा जांभया देत होती. माझ्या अंगावरचं वजन हललं. लायल उभा राहिला होता.

"मी समोरच राहतो," तो म्हणाला. "रोज दहाला मुलं संडासला घरी पळतात. लहान परत येतात. सहावीच्या मुली येत नाहीत. मी तीन वर्षं मोजतोय."

मग एलोदियाचा थोरला भाऊ प्रोकोपिओ शांतपणे म्हणाला, "दाजींना बरंच माहिती आहे. शाळेच्या समितीवर दाजीच बसू देत."

पाहता पाहता हात वर झाले. आमच्याकडे हे असंच असतं. सभेत जो तोंड उघडेल, काम त्याच्या गळ्यात. हे लहान पोरालाही ठाऊक आहे, म्हणून सगळे जांभया देतात. पंधरा वर्षं गावाबद्दल बोलणाऱ्या लायलला तेवढंच माहीत नव्हतं.

"पण मी परदेशी! कायद्याने मला राजकारणात..."

"अहो दाजी," प्रोकोपिओ म्हणाला, "संडास उघडायचाय, सरकार नाही पाडायचं."

हशा पिकला आणि त्याचं नाव वहीत चढलं.

सुरुवातीला त्याने घोळच घातला. छानपैकी वेळापत्रक केलं, प्रत्येक पालकाला चिठ्ठी पाठवली, की शनिवारी सकाळी आठला टाकी धुवायला या. आठला तो आणि मी, दोघंच. नऊला प्रोकोपिओ आला.

"चिठ्ठ्या कसल्या पाठवता? आम्ही काय तुमचे विद्यार्थी? घरोघर जा. बसा, कॉफी प्या, गाई-बैलांचं विचारा. उठताना काम सांगा."

"एवढी घरं? एवढी कॉफी?"

"माझी बहीण पीत होती."

लायल सतरा घरं फिरला. आठवडाभर त्याला धड झोप लागली नाही, पण पुढच्या शनिवारी सतरा घरची माणसं खराटे घेऊन आली. टाकीची किल्ली आता त्याच्या गळ्यातल्या दोरीला असायची. सकाळी सहाला तो कुलूप काढायचा. नेरेइदाबाईंनी सांगितलं म्हणून वर्गाला रंग दिला, तेव्हा तो माझ्यावर उभा राहिला आणि माझा मागचा पाय चिरला. त्याने भोकं पाडून तारेने शिवला. शिवण वाकडी आहे, पण धरून आहे.

त्या वर्षी तो संध्याकाळी माझ्यावर बसायचा तो नुसता दमून. ओहायोच्या निवडणुकीची टपालाने आलेली मतपत्रिका पाकिटातच राहून गेली, ती साखरेच्या डब्याखाली सापडली तेव्हा निकाल लागून महिना झाला होता. दोन दिवस तो फार ओशाळला होता. तिसऱ्या दिवशी संडासाची कडी तुटली आणि तो पक्कड शोधायला लागला. सहावीच्या मुली मात्र मधल्या सुट्टीनंतरही शाळेत दिसायच्या, एवढं मी दारातून पाहत होते.

आता माझं सांगून निरोप घेते. माझा रंग पिवळट झालाय, बसलं की कुरकुरते. कधीतरी मोडेन. तेव्हा मला घळीत टाकून जाळू नका, धूर शाळेत जातो. भंगारवाल्याला द्या, तो वितळवून माझी बादली करेल आणि बादली कुठेही कामाला येते.

गेल्या रविवारी लायलचं वर्ष संपलं. त्याने सभेत किल्ली नव्या माणसाला दिली आणि घरी येऊन माझ्यावर बसला. किल्लीची सवय झालेला हात दोनदा गळ्याकडे गेला. तेवढ्यात प्रोकोपिओ आला. त्याच्या हातात गवंड्याची टेप होती.

"दाजी, उठा. भिंतीला टेकून उभे राहा."

लायल उठला. प्रोकोपिओने टाचेपासून डोक्यापर्यंत टेप लावली आणि तोंडाने चकचक केलं.

"एक मीटर एक्क्याण्णव. बूट काढा."

"का?"

"तिथे बूट घालून कशाला जाताय?"

"कुठे?"

"एलोदियाच्या शेजारी." प्रोकोपिओ टेप गुंडाळत म्हणाला. "नेहमीच्या मापाचा खड्डा घेतला तर गुडघे वर येतील तुमचे. कुंपण जरा सरकवावं लागेल, ते आजच समितीला सांगून ठेवतो. घाई काही नाही."

लायल माझ्यावर मटकन बसला. बूट काढता काढता त्याने तोंड हातांत धरलं आणि हुंदके देऊन रडायला लागला. एलोदिया गेली तेव्हाही तो इतका रडला नव्हता. माझा शिवलेला पाय थरथरत होता. प्रोकोपिओ शाळेकडे बघत उभा राहिला.

मग लायलने बाहीने तोंड पुसलं, उठला, आणि अनवाणी पायांनी भिंतीला पाठ चिकटवून ताठ उभा राहिला.

"परत मोजा," तो म्हणाला. "मघाशी मी वाकून उभा होतो."