फळ्यावरचा स्टड

राघवेंद्र सरांनी धारवाडच्या एका तांत्रिक शाळेत सव्वीस वर्षं तुटलेला स्टड, म्हणजे इंजिनात रुतलेला बिनडोक्याचा बोल्ट, काढायला शिकवलं, पण स्वतः एकदाही काढला नाही. शाळेला इंजिन कधी मिळालंच नाही, मिळाला तो फळा. पोरं पाठीमागे त्यांना खडूमास्तर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि चांगलंच झोंबत होतं.

अठ्ठ्याण्णव साली एका दुपारी ते स्कूटर दाखवायला जुन्या हुबळीत वेंकटेशच्या गॅरेजात गेले. वेंकटेश त्यांचाच विद्यार्थी. बाकावर टेंपोच्या इंजिनाचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, होतं, आणि शेजारी टेंपोवाला, कलघटगीचा संतोष, डोक्याला हात लावून बसला होता. सायलेन्सरचा पाईप धरणारा स्टड हेडातच तुटला होता. वर उरलेलं जरासं टोक वेंकटेशनं पकडीनं पिळून पिळून गुळगुळीत केलं होतं, आणि आता नवं हेड आणा म्हणून तो मोकळा झाला होता.

"निघतो तो," सर बोलून गेले.

वेंकटेश हसला. "फळ्यावर निघतो, सर. हितं आगोदिल्ला, व्हायचं न्हाई."

आता माघार घ्यायची म्हणजे सव्वीस वर्षं नुसती बडबड केली असं कबूल करायचं. सरांनी बाह्या सारल्या. त्यांनी त्या टोकावर नट ठेवून वेंकटेशकडून वेल्डिंग करून घेतलं, कारण तेही त्यांनी फक्त शिकवलंच होतं. वेंकटेश लगेच पाना घेऊन सरसावला, तर सरांनी त्याचा हात धरला. तापलेल्या नटाची लाली जाईपर्यंत सगळ्यांना थांबवलं. मग स्टडच्या मुळाशी मेणबत्ती टेकवली, मेण वितळून वंगणासारखं आत झिरपलं. आणि पाना लावून त्यांनी जोर दिला तो चक्क आवळायच्या बाजूला. सर चुकले, असं संतोषनं वेंकटेशला हळूच सांगितलं.

कर्र झालं. झालं, मोडला, असं सरांना वाटलं.

मोडला नव्हता, उलट्या जोरानं गंजाची पकड सुटून हलला होता. पाव फेरा मागं, थोडा पुढं, पुन्हा मागं, असं करत तो गंजका तुकडा अख्खा सरांच्या तळहातावर आला. सरांना हसू आवरत नव्हतं. जन्मात इतका आनंद त्यांना झाला नव्हता.

वेंकटेश आत गेला आणि धूळ खात पडलेलं दुसरं हेड उचलून घेऊन आला.

"सर, ह्यात बी तुटलाय. तीन वर्षं झाली."

सरांनी पाना त्याच्या हातात दिला. "आता तू काढ. मी बघतो."