एकाच मशीनचा गट

त्याला खऱ्या नावाने हाक मारणारं संस्थेत आता कुणी उरलं नव्हतं. सगळे त्याला रीस्टार्ट म्हणत. पडदा काळा पडो, प्रिंटर रुसो, नाहीतर अख्खं मशीन संपावर जावो, याचा प्रश्न ठरलेला: "रीस्टार्ट करून बघितलं का?" आणि गंमत म्हणजे दहातल्या नऊ वेळा गुण यायचा. त्यामुळे नाव चिकटलं ते चिकटलंच. तिसऱ्या मजल्यावरच्या वेलांटीबाई तेवढ्या त्याला रीस्टार्टराव म्हणत.

संस्था पाणीपुरवठ्याची, चार मजली, कॉम्प्युटर एक हजार एकशे चोवीस. गेल्या वर्षी वरून हुकूम आला, की सगळीकडे एंटरप्राइज आवृत्ती चढवायची. घरच्या कॉम्प्युटरवर असते तीच सिस्टीम, पण मोठ्या संस्थांच्या मापाने शिवलेली. कुणी काय उघडायचं, पडद्यावर कुठलं चित्र लावायचं, सगळं एका जागेवरून ठरणार. मशीनवरचा जुना संसार पुसायचा आणि कोरी पाटी करून द्यायची. लोकांची नातवंडं गेली, फुलं गेली, डोंगर गेले. सगळ्यांच्या पडद्यावर संस्थेचं निळं चिन्ह आलं. शिवाय रीस्टार्टला आता कुणाच्या टेबलापर्यंत जायची गरज नव्हती. खालच्या खोलीत बसल्या बसल्या चौथ्या मजल्यावरचं मशीन चालवता येत होतं. पायपीट वाचली म्हणून सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. तोही कसनुसा हसला.

काम गटागटाने करायचं होतं. पहिला गट त्याच्याच विभागाचा, म्हणजे फुटलं तर आपलंच डोकं फुटेल. मग तक्रार विभाग, मग नकाशेवाले, मग साहेब लोक. सगळ्यात शेवटी त्याने 'मागाहून' नावाचा एक गट केला होता. त्यात एकच मशीन होतं. वेलांटीबाईंचं.

वेलांटीबाई संस्थेच्या सूचना आणि पत्रकं छापायच्या आधी शुद्धलेखन तपासत. एकदा कुणीतरी 'पाणि' लिहून पाठवलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, की हे छापून गेलं असतं तर सगळ्या संस्थेने ओंजळभर पाण्यात जीव द्यायला हवा होता. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, एकुलती मुलगी लांब. रीस्टार्टचं लग्न राहून गेलं ते गेलंच. आई होती तोवर ती विषय तरी काढायची.

दर गुरुवारी अकराच्या सुमाराला बाईंचा फोन यायचा. "रीस्टार्टराव, नेट गेलं हो. आणि माझे गुडघे काही वाकत नाहीत."

तो जिने चढून जायचा, टेबलाखाली शिरायचा. नेटची वायर सैल झालेली असायची. दाबली की काम झालं. "या वायरला झालंय तरी काय!" असं म्हणत त्याने तीन वेळा वायर बदलली, एकदा भिंतीतला सॉकेट बदलला, वायर पुरवणाऱ्याची तर सात पिढ्यांची चौकशी केली. मग बाई तक्रारवही भरत. संपर्काच्या रकान्यात सगळे इंटरकॉमचा नंबर लिहीत, बाई स्वतःच्या मोबाइलचा. "अहो, इंटरकॉमचा लिहा," तो म्हणायचा. "असू द्या," बाई म्हणायच्या. तो खाली 'दुरूस्त केले' असं लिहायचा आणि बाई लगेच लाल पेनाने 'रू'चा 'रु' करायच्या. मग त्या चहा सांगत. दोन मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागायचा.

आठ महिन्यांपूर्वी बाई निवृत्त झाल्या आणि मुलीकडे राहायला गेल्या. दोन दिवसांचा प्रवास. तेव्हापासून ते मशीन 'मागाहून' होतं. कधी कधी गुरुवारी तो वर जाऊन ते उगाच चालू करायचा. खिडकीत येणाऱ्या कावळ्याचा बाईंनी काढलेला फोटो पडद्यावर यायचा. तो बघायचा आणि बंद करायचा. का, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

आज सोमवारी विभागप्रमुख मॅडमनी त्याच्या यादीवर बोट ठेवलं. वयाने त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण बोलणं एक घाव दोन तुकडे.

"अकराशे तेवीस झाली. हे एक कोण?"

"जुनं मशीन आहे, मॅडम. नेटचा त्रास आहे त्याला."

"आठ महिने?"

"चिवट त्रास आहे."

"मग काय त्रास आहे तो पुराव्यासकट लेखी द्या, पाचपर्यंत. नाहीतर पुसून टाका. एकाच मशीनचा गट असतो का कुठे?"

पुरावा म्हटल्यावर त्याला आशा वाटली. प्रत्येक कॉम्प्युटर गुपचूप स्वतःची डायरी लिहीत असतो. कधी चालू झाला, नेट कधी तुटलं, कधी जोडलं. एरवी जुनी पानं गळून जातात. पण या मशीनचं दुखणं शोधायचं म्हणून त्यानेच तीन वर्षांपूर्वी डायरी लांबलचक ठेवली होती. ठेवली आणि विसरला. वायर दाबून काम होत असताना डायरी वाचतो कोण? आता शंभरावर नोंदी मॅडमच्या पुढे टाकल्या, की आणखी महिनाभर तरी निघेल.

तो वर गेला, बाईंच्या खुर्चीत बसला, डायरी उघडली. गुरुवार, अकरा दहा, जोडणी तुटली. गुरुवार, अकरा दहा, जोडणी तुटली. खाली खाली सरकत गेला. वायर सैल होते हे ठीक, पण घड्याळ लावून?

मग तो टायफॉइडने आजारी होता ते तीन आठवडे आले. तीन गुरुवार, वायर जागची हललेली नव्हती. पुढे एका गुरुवारी संस्थेला सुटी होती. त्या आठवड्यात वायर शुक्रवारी निघाली होती, अकरा दहाला.

"मी नसलो की बरी चिकटून राहते ही," तो पुटपुटला, आणि मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

त्याला घाई झाली. त्याने शेवटचा गुरुवार काढला, बाईंच्या नोकरीचा शेवटचा दिवस. त्या दिवशी एंटरप्राइजचं प्रशिक्षण होतं. लांबून दुसऱ्याचं मशीन कसं चालवायचं ते शिकवत होते. बाईंचा फोन आला तेव्हा तो दबक्या आवाजात म्हणाला होता, "रीस्टार्ट करा बाई, येतो नंतर." गेला नव्हता. निरोप समारंभात मागच्या रांगेत उभा राहून टाळ्या वाजवल्या होत्या, तेवढंच.

डायरीत लिहिलं होतं: अकरा दहा, जोडणी तुटली. पाच चाळीस, जोडणी झाली.

समारंभ सव्वापाचला संपला होता. म्हणजे साडेसहा तास वाट बघून, हार बाजूला ठेवून, न वाकणारे गुडघे वाकवून बाईंनी स्वतःच वायर लावली होती. त्याला स्वतःचा भयंकर राग आला. हजार मशीनचं दुखणं नुसत्या आवाजावरून ओळखणारा माणूस, आणि एक साधी वायर तीन वर्षं कळली नाही.

तक्रारवही अजून त्याच खणात होती. पानापानावर लाल 'रु', आणि पानापानावर तोच मोबाइल नंबर. त्याने तो लावला.

"हॅलो, कोण?"

"मी, रीस्टार्ट." काय बोलायचं ते काहीच ठरवलेलं नव्हतं. "बाई, ती वायर..."

पलीकडचा टीव्हीचा आवाज बंद झाला.

"आत्ता कळलं?" बाई म्हणाल्या.

"आत्ता. शेवटच्या दिवशी मी यायला हवं होतं."

"असू द्या." तोच आवाज.

"तिकडे नेट नीट चालतं ना?" विचारलं आणि त्याने जीभ चावली.

"चालतं हो. इथं सगळं बिनवायरचं आहे. उपटायला काही नाही."

 समोरच्या पडद्यावर कावळा मान वाकडी करून बसला होता.

"बाई, आज तुमचं मशीन पुसायचंय. फक्त एवढं एकच राहिलंय."

"मला वाटलं, कधीच पुसलं असेल."

"नाही. राहू दिलं होतं."

 बाईंनी विचारलं, "किती वेळ लागतो त्याला?"

त्याने मशीन पुसायची आज्ञा दिली, आणि खात्री विचारल्यावर 'होय'वर बोट दाबलं. कावळा गेला.

"पाऊण तास."

"बसा मग," बाई म्हणाल्या. "चहा सांगते."